विमानाचा फ्युएल पंप गळतोय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहतो, कोपरीला. छोट्या पिस्टन विमानांची मेंटेनन्सची कामं करतो, लायसन्स एएमईचं, म्हणजे विमानाच्या मेंटेनन्स इंजिनिअरचं. आता ठाण्यात विमानं कुठली, कामाला जावं लागतं धुळ्याकडे, बारामतीकडे, जिथे धावपट्टी असेल तिथे. पण शिकणारी पोरं मात्र आपल्याकडचीच, कोण ऐरोलीचा, कोण नेरुळची, कोण कळव्याचा, आणि यांचे फोटो येतात रात्री अकराला. फोटोत काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणाखाली, एक निळा डाग, त्याकडे दाखवणारं एक बोट, आणि खाली "सर, पंप गेला का?" तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

नवी मुंबईच्या विमानतळावर जी विमानं येतात त्यांनाही हे निळ्या डागाचं लागू होतं का?

नाही. तिथे २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली, ती जेट किंवा टर्बोप्रॉप, त्यांना एटीएफ लागतं, म्हणजे केरोसीनच्या जातीचं. ते हाताला तेलकट लागतं आणि लवकर उडत नाही. आपण बोलतोय ॲवगॅसबद्दल, १०० एलएल, निळ्या रंगाचं, पेट्रोलचं भावंड. आपल्याकडे पूर्वी हे बाहेरून यायचं, २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली. डायमंडची काही विमानं पिस्टनचीच असली तरी डिझेल पद्धतीची आहेत, ती एटीएफवर चालतात, त्यामुळे तिथे निळा डाग शोधत बसू नका.

आमच्या सेसना १५२ चा फ्युएल पंप सापडतच नाहीये, कुठे असतो?

कुठेच नसतो! हा प्रश्न दर बॅचला येतो. पंख वर असलेल्या विमानात टाकी डोक्यावर असते, पेट्रोल आपोआप खाली उतरतं, जुन्या स्कूटरसारखं. १५२ ला पंप नाही, कार्ब्युरेटरवाल्या जुन्या १७२ लाही नाही. १७२ ची नंतरची मॉडेलं, आर आणि एस, ही फ्युएल इंजेक्शनची, त्यांना इंजिनवर चालणारा एक पंप असतो आणि शिवाय एक इलेक्ट्रिक पंप. पंख खाली असलेली विमानं, म्हणजे पायपरची चेरोकी, वॉरियर, आर्चर, यांच्यात टाकी इंजिनापेक्षा खाली पडते म्हणून तिथेही दोन्ही पंप. तेव्हा आधी आपलं विमान कुठलं ते बघा. १५२ च्या नाकाखाली निळं दिसलं तर गॅस्कोलेटर (पेट्रोल गाळणारी वाटी), प्रायमर (स्टार्टच्या आधी पेट्रोल आत ढकलणारा छोटा हातपंप), कार्ब्युरेटर इकडे बघायचं, पंपाला उगाच शिव्या देऊ नका.

पंप आतून कसा असतो? आणि तो गळतो म्हणजे नक्की काय होतं?

लायकॉमिंग इंजिनाचा पंप सांगतो कारण आपल्याकडे तोच जास्त दिसतो. इंजिनाच्या मागे ॲक्सेसरी केसवर बसवलेला असतो, आतला एक कॅम एका दांडीला ढकलतो, ती दांडी म्हणजे प्लंजर पंपाच्या लिव्हरला ढकलते आणि लिव्हर डायफ्रॅम खालीवर करतो. डायफ्रॅम म्हणजे कापडावर रबर चढवलेला पडदा. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला इंजिनाचं गरम ऑइल, आणि हे दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मधे एक रिकामी जागा ठेवलेली असते. तिथून एक बारीक नळी निघते आणि काउलिंगच्या खाली बाहेर उघडते. पडदा फाटला की पेट्रोल त्या रिकाम्या जागेत येतं आणि नळीवाटे बाहेर पडतं. पंप आजारी पडला की सांगण्यासाठी बनवणाऱ्यानेच ती नळी दिलीय, आणि गंमत अशी की सगळे पंपाकडे बघतात, नळीकडे कोणी बघत नाही.

याशिवाय पंप बाहेरूनही गळू शकतो, फिटिंगच्या चुडीतून, बॉडीच्या जोडातून, नाहीतर कोणीतरी एल्बो जोर लावून आवळल्यामुळे बॉडीला गेलेल्या तड्यातून.

काउलिंगखाली चार-पाच नळ्या लोंबतायत, त्यातली पंपाची कुठली?

खरंच गोंधळ होतो. इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारी नळी, असतो, तो सगळ्यात जाड आणि तोंडाशी काळपट. गॅस्कोलेटरचा ड्रेन असतो, काही विमानांत बॅटरी बॉक्सचाही असतो. अंदाज बांधू नका, काउलिंग उघडा आणि पंपापासून नळीवर बोट फिरवत खालपर्यंत या. मग टोकाला छोटीशी चिठ्ठी लावून फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी रात्री अकराला मला पाठवायला बरा पडेल.

डाग आहे पण सुकलाय, हात लावला तर ओलं काही नाही. मग चालेल ना?

ॲवगॅस उडून जातं, रंग मागे राहतो. सुकलेला निळा डाग म्हणजे काल परवा कधीतरी इथे पेट्रोल आलं होतं. धूळ बसली की तोच डाग हिरवट तपकिरी दिसतो आणि ऑइलचा वाटतो. ओळखायची सोपी पद्धत, पांढरा टिश्यू दाबून धरा. ऑइल असेल तर टिश्यूवर तेलकट गोल तसाच राहतो, पेट्रोल असेल तर थोड्या वेळात सुकतं आणि कडेला फिकट निळी रेघ उरते.

पंखातल्या टाकीच्या गळतीला मॅन्युअलमध्ये डागाच्या आकारावरून वर्ग पाडलेले असतात, ते वाचून पोरं म्हणतात की सर हा तर छोट्या वर्गात बसतो. अरे तो हिशोब पंखाचा आहे! इंजिनाच्या खोलीत एक्झॉस्ट पाइप ७०० सेल्सिअसच्या घरात तापलेला असतो, तिथे छोटी गळती मोठी गळती असला भेद नाही.

मग गळती नेमकी कुठून होतेय ते शोधायचं कसं?

याचं उत्तर जरा लांब आहे, कारण हे मी स्वतः चुकून शिकलोय.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका फ्लाइंग स्कूलमधून फोन आला, चेरोकीच्या पुढच्या चाकाजवळ निळे थेंब पडतायत, पंप गेलाय, नवीन पंप मागवलाय, फक्त बसवायला या. मी तीन हात नाक्यावरून रात्रीची बस पकडली, सकाळी पोचलो, काउलिंग काढलं तर खरंच पंपाच्या पोटाला थेंब लटकत होता. झालं, मी पण विचार केला नाही. सहा तास घासून पंप बदलला, पाठीचा पार खुळखुळा झाला, संध्याकाळी बूस्ट पंप, म्हणजे तो इलेक्ट्रिक पंपच, लावून बघितलं तर थोड्या वेळाने त्याच जागी, नव्या कोऱ्या पंपाच्या पोटाला, तस्साच थेंब.

दुसऱ्या दिवशी डोकं शांत ठेवून सुरुवात केली. इंजिन थंड होतंच. मागचा सगळा भाग पुसून कोरडा केला, मग पंपाच्या इनलेटपासून कार्ब्युरेटरपर्यंत आणि प्रेशर गेजकडे जाणाऱ्या बारीक होजवर, प्रत्येक जोडाला पांढऱ्या टिश्यूची पट्टी गुंडाळली. एकाला अग्निशामक घेऊन बाजूला उभा केला, मिक्स्चरचा दांडा कट-ऑफला, म्हणजे इंजिनाचं पेट्रोल बंद, ठेवून इलेक्ट्रिक पंप लावला आणि टॉर्च घेऊन बघत बसलो. आलेला चहा गार व्हायच्या आत वरची एक पट्टी निळी व्हायला लागली. पंपाची नाही, फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीपाशी, जिथे प्रेशर गेजची होज जोडलीय तिथली. पेट्रोल त्या होजच्या अंगावरून उतरत होतं, होज जिथे पंपाला टेकत होती तिथे थांबत होतं आणि पंपाच्या पोटावरून खाली टपकत होतं. पंप बिचारा निर्दोष.

मग जुन्या पंपाची ड्रेनची नळी आठवली. तिच्या तोंडात कोळ्याचं जाळं होतं, अख्खं, एकही धागा तुटलेला नाही. त्या नळीतून कित्येक दिवसांत थेंबही गेला नव्हता आणि मी ते डोळ्यांनी बघून जाळं पुसून टाकलं होतं, काम सुरू करताना.

तर पद्धत हीच. पुसायचं, कोरडं करायचं, पट्ट्या लावायच्या, प्रेशर द्यायचं आणि सगळ्यात वरचं ओलं शोधायचं, कारण पेट्रोल खाली वाहतं, वर चढत नाही. खाली थेंब कुठे पडतो त्याला काही किंमत नाही. आणि बघून झालं की पट्ट्या मोजून काढायच्या, जेवढ्या लावल्या तेवढ्या. इंजेक्शनच्या इंजिनात मिक्स्चर कट-ऑफलाच आहे ना हे दोनदा बघा, नाहीतर पेट्रोल थेट इनटेकमध्ये जाईल आणि दुसरीच गळती तयार होईल.

इंजिन चालू असताना कोरडं, बूस्ट पंप लावला की थेंब. हे कसं काय?

छान प्रश्न. चेरोकीसारख्या विमानात इलेक्ट्रिक पंप आधी येतो आणि इंजिनाचा पंप नंतर. फक्त इंजिनाचा पंप चालू असतो तेव्हा त्याच्या अलीकडची सगळी लाइन ओढली जात असते, म्हणजे तिथे प्रेशर नाही तर खेच असते. तिथला जोड ढिला असेल तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. मग प्रेशर गेजचा काटा थरथरतो, इंजिन कधी अडखळतं, आणि गळती म्हणून काही दिसत नाही. बूस्ट पंप लावला की तीच लाइन फुगते आणि थेंब यायला लागतो, काटा मात्र एकदम शहाण्यासारखा स्थिर. असं दिसलं तर गळती इंजिनाच्या पंपाच्या आधी आहे, इनलेटचा जोड, तिथली होज असं इलेक्ट्रिक पंपापर्यंत मागे मागे जात बघायचं. आणि पायलट म्हणाला की "बूस्ट लावला की सगळं ठीक होतं" तर खूश होऊ नका, काउलिंग उघडा.

कार्ब्युरेटर गळतोय की पंप, कसं ओळखायचं?

ज्यांच्या घरी जुनी कार्ब्युरेटरवाली ॲक्टिवा होती त्यांना हे माहितीय. गाडी उभी आणि खालच्या पाइपमधून पेट्रोल टपटप, गॅरेजवाला म्हणतो कार्ब्युरेटर ओव्हर होतोय. फ्लोटची सुई नीट बसत नाही, कचरा अडकतो, वाटी भरून वाहते. विमानातही तेच, फक्त पेट्रोल एअरबॉक्सच्या, म्हणजे कार्ब्युरेटरला हवा देणाऱ्या पेटीच्या, खालून येतं आणि कार्ब्युरेटरच्या पोटाला निळं दिसतं. पंपाचं पेट्रोल मागे, फायरवॉलच्या बाजूला दिसतं. स्टार्ट होत नाही म्हणून कोणी थ्रॉटल दहादा पंप केला असेल तर तेही एअरबॉक्समधून गळतं, त्यामुळे आधी शेवटी उडवणाऱ्याला विचारा, तो नाही नाही म्हणेल, पुन्हा विचारा.

इंजेक्शनच्या इंजिनात बंद केल्यावर दोन-चार थेंब पडतात, ते?

इनटेकच्या खाली एक छोटा ड्रेन व्हॉल्व्ह असतो, त्याला स्निफल व्हॉल्व्ह म्हणतात. स्टार्ट करताना जास्त पेट्रोल गेलं किंवा बंद करताना उरलं तर ते तिथून बाहेर पडतं, आणि पडायलाच पाहिजे, आत साठलं तर आगीला आमंत्रण. थोडे थेंब पडून थांबले तर तो बरोबर काम करतोय. थांबतच नसेल तर सर्व्हो, म्हणजे पेट्रोल मोजून देणारा भाग, बघा. नोझलच्या भोवती निळं दिसत असेल तर नोझल तुंबलंय. सिलिंडरकडे जाणाऱ्या स्टीलच्या बारीक लाइन्सना तडे जातात, त्यासाठी लायकॉमिंगचं सर्व्हिस बुलेटिन ३४२ आहे, क्लॅम्प जागेवर आहेत का तेही त्यात बघायला सांगितलंय. यात पंपाचा काही संबंध नाही.

पंपाच्या नळीतून पेट्रोल नाही, ऑइल येतंय.

म्हणजे ऑइलच्या बाजूचा पडदा किंवा सील थकलंय. किती चालेल ते मॅन्युअलमध्ये बघा. पेट्रोल मात्र एक थेंब आला तरी पंप काढायचा. हा पंप हॅंगरमध्ये खोलून पडदा बदलायचा प्रकार नाही, अख्खा पंपच बदलतात.

आणि त्याच वेळी डिपस्टिक काढून वास घ्या. न भरता ऑइलची पातळी वाढली असेल, पातळ वाटत असेल, पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल इंजिनात उतरतंय. पेट्रोल मिसळलेलं ऑइल बेअरिंगला काही कामाचं नाही, ते विमान तिथेच उभं राहणार.

पावसाळ्यानंतर तक्रारी का वाढतात?

एक तर विमानं उभी राहतात, रबर सुकतं. दुसरं म्हणजे कुंभारमाशी. ही बया मातीचं घरटं करायला बारीक नळी शोधत असते आणि पंपाची ड्रेनची नळी तिला अगदी मापाची वाटते. मी एकदा अशा नळीत तार घातली तर सुकलेली माती, त्यामागे आळ्या, आणि त्यामागे साठलेलं निळं पेट्रोल, सगळं एकदम माझ्या बाहीत. म्हणजे पंप किती दिवस ओरडत होता आणि तोंडात माती कोंबलेली. नळी बंद असेल तर पेट्रोल बाहेर येत नाही, ऑइलच्या बाजूला घुसायला बघतं, म्हणून नळी कोरडी दिसली तर ती मोकळीही आहे ना हे बघा. कोळ्याच्या जाळ्याचं वेगळं, जाळ्यातून थेंब अडत नाही, फक्त जाळं तुटतं.

जोड गळतोय, टेफ्लॉन टेप लावू का?

नाही नाही नाही. प्लंबरची सवय आहे ही. फ्लेअर फिटिंगमध्ये सील धातूवर धातू बसून होतं, चुडीवर काहीही लावून फरक पडत नाही. पाइप थ्रेडला मॅन्युअलने सांगितलेलंच सीलंट, तेही पहिला आटा सोडून. टेपचा एक धागा सुटला की तो थेट फ्लोटच्या सुईखाली जाऊन बसतो, मग वर लिहिलेली ॲक्टिवाची गोष्ट. अजून एक, विमानाच्या फ्लेअरचा कोन ३७ अंश असतो, गाड्यांचा ४५. दिसायला सारखे, आवळले जातात, आणि गळतात.

वागळे इस्टेटमध्ये अगदी तसाच होज बनवून मिळतो, स्वस्तात. बसवला तर?

वागळेत आणि महापेत काय बनत नाही, मलाही माहितीय. पण कागद कुठून आणणार? पार्टबरोबर तो मंजूर असल्याचा दाखला, म्हणजे सीए फॉर्म १ नाहीतर अमेरिकन ८१३०-३, लागतो, नंबर पार्ट्स कॅटलॉगशी जुळायला लागतो, आणि शेवटी डीजीसीएच्या लायसन्सवर सही करणारा माणूस लागतो. मी करणार नाही, तुम्हीही कोणाला आग्रह करू नका.

प्रेशर गेज बरोबर दाखवतंय, म्हणजे पंप ठीक ना?

नाही. वॉरियरसारख्या कार्ब्युरेटरवाल्या विमानात हिरवा पट्टा साधारण ०.५ ते ८ पीएसआय असतो, इतका रुंद की छोटी गळती त्यात कळतच नाही. स्टार्टनंतर इलेक्ट्रिक पंप बंद करून काटा कुठे थांबतो ते रोज बघा, म्हणजे तुमच्या विमानाची सवय कळेल. नेहमी पाचावर असणारा काटा तिनावर आला तर हिरव्यात असूनही काहीतरी बदललंय.

हवेत असताना पेट्रोलचा वास आला तर?

पीओएचमध्ये, म्हणजे विमानाच्या पायलटच्या पुस्तकात, लिहिलंय तेच करायचं, माझं वाचून नाही. फक्त एक गोष्ट डोक्यात ठेवा. प्रेशर पडलं की इलेक्ट्रिक पंप लावायचा हे पाठ असतं आणि ते बरोबरही आहे, पंप थकला असेल तर इंजिन त्याच्यावरच चालेल. पण त्याबरोबर वास किंवा धूर असेल तर तो पंप गळतीलाच पेट्रोल पाजतोय, आणि आगीच्या चेकलिस्टमध्ये म्हणूनच तो बंद करायला सांगितलेला असतो, टाकीचा सिलेक्टर बंद, हीटर बंद. दोन्ही चेकलिस्ट जमिनीवर असतानाच शेजारी ठेवून वाचा.

जमिनीवर वास आला, खाली थारोळं दिसलं, तर मास्टर स्विचला हात लावू नका, ढकलून बाजूला घ्या. ॲवगॅसची वाफ हवेपेक्षा जड असते, हॅंगरच्या फरशीवर पसरत लांब जाते. "एक सर्किट (धावपट्टीभोवती एक फेरी) मारून बघू का" असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

पंप बदलताना सगळ्यात जास्त त्रास कशाचा?

प्लंजरचा. पंप काढला की ती दांडी खाली घसरते आणि नवीन पंपाचा लिव्हर तिच्याखाली जाण्याऐवजी भलतीकडे अडकतो. जोर लावलात तर काहीतरी मोडणार. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) बंद आणि ग्राउंड आहेत याची खात्री करून प्रोपेलर हाताने हळू फिरवा, कॅमचा उंचवटा बाजूला येईपर्यंत, आणि प्लंजरला थोडं ग्रीस लावून वर चिकटवून ठेवा. दोन बोल्ट, पण मागे हात जात नाही, पाना अर्धा आटा फिरतो, शिव्या पूर्ण निघतात. नंतर बूस्टवर लीक चेक, मग ग्राउंड रन, काउलिंग न लावता पुन्हा बघणं, आणि पहिल्या उड्डाणानंतर परत एकदा. लॉगबुकात नोंद आणि सही झाल्याशिवाय विमान हलवायचं नाही.

हाताचा वास जात नाही, काय करू?

ग्लोव्ह्ज घाला, आधीच. या पेट्रोलमध्ये शिसं आहे, लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत, ते कातडीतून जातं. त्यामुळे ग्रीस काढायला याच पेट्रोलने हात धुणं तर अजिबात नाही, जुने लोक करायचे, करू नका. साबण आणि पाणी, दोनदा. कपडे वेगळे धुवा. माझी बायको बॅग दाराबाहेरच ठेवायला लावते आणि शेजारचे विचारतात की गाडीतून पेट्रोल गळतंय का.